खोलीत दुसरी व्यक्ती

माझी धाकटी बहीण अपेक्षा कामाला बसली की तिच्या पाठीमागं आणखी कुणीतरी असतं, असं डब्लिनच्या कंपनीचं म्हणणं होतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. म्हटलं, असणारच. हे घर आहे, ऑफिस नाही. आई असते, मांजर असतं, शेजारची उज्ज्वलाकाकी न विचारता आत येते आणि मान लांब करून स्क्रीनमध्ये डोकावते. पण मेलमध्ये तारीख होती, वेळ होती. त्या वेळी आई वालाच्या शेतात होती, काकी माहेरी आणि मी एमआयडीसीत रिॲक्टरच्या उशाला. घरात अपेक्षा एकटी. आणि मेलमध्ये लाल अक्षरांत एकच ओळ, जी तिनं मला मराठीत सांगितली. खोलीत दुसरी व्यक्ती.

"दादा, असे तीन मेल झाले की चौकशी लागते," ती म्हणाली. "चौकशीत नापास झाले तर पत्र मिळत नाही."

"नाही तर नाही. पत्रावाचून काय अडलंय तुझं?"

अडलं होतं, ते मलाही ठाऊक होतं. उगाच टोचून बोलायची मला सवय लागली होती. आता लागलीय तर लागलीय, आमच्या घरात बाबांनंतर आवाज चढवणारा मी एकटाच उरलोय.

ते पत्र म्हणजे काय ते सांगतो. अपेक्षा माझ्याहून सात वर्षांनी लहान. बी.फार्म झाली, महाडला एका औषध कंपनीत कागदपत्रांच्या विभागात होती, आणि मग हे डब्लिनचं काम मिळालं. घरी बसून त्यांच्या औषधांच्या फायली तपासायच्या. आमच्या नाते गावात बसून. लोकांना खरंच वाटायचं नाही. माझी ड्यूटी असली की मी मोटारसायकल काढून बिरवाडीपर्यंत धूळ खात जायचो, आणि ही माजघरात खुर्चीवर बसून परदेशात कामाला. इथं थांबून तिला काय कमी होतं? पण तिला जायचं होतं. कुठंतरी बाहेर, लांब, पाच वर्षांसाठी तरी.

माजघराच्या भिंतीवर तिनं एक मोठा कागद चिकटवला होता. देशांची यादी. घरून काम करणाऱ्यांना कोण किती दिवस राहू देतो, ते सगळं. पोर्तुगाल, स्पेन, एस्टोनिया, दुबई, मलेशिया. प्रत्येकापुढं महिने, पगाराची अट, मुदत वाढते की नाही. मग एकेकावर लाल काट. युरोपवाल्यांना जेवढा पगार लागतो तेवढा तिचा नव्हता. दुबई एका वर्षावर. शेवटी एकच नाव उरलं, थायलंड. पाच वर्षांचा व्हिसा, एका वेळी सहा महिने राहायचं, मग तिथंच मुदत वाढवायची नाहीतर बाहेर जाऊन पुन्हा आत यायचं. बँकेत ठरावीक रक्कम दाखवायची, ती तिनं चार वर्षांत साठवली होती. आणि कंपनीचं पत्र लागायचं, की ही बाई आमच्याकडे कामाला आहे आणि तिनं तुमच्या देशात बसून काम केलं तर आमची हरकत नाही. झालं. त्या पत्रावर सगळं लटकलेलं.

"तिकडं काय पिकतं गो?" आईनं एकदा विचारलं होतं.

"भात."

"मंग हितलं भात काय वाईट हाय?"

अपेक्षा हल्ली बोलायचीच कमी. आणि मी तर दोन वर्षं तिच्याशी धड बोललो नव्हतो.

आता बाबांचं सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी, असाच भात झोडून झालेला, दुपारचे चार वाजलेले. मी फर्स्ट शिफ्टहून सुटून महाडात टायर बदलत थांबलो होतो. आई बाजाराला. घरी अपेक्षा, कानाला हेडफोन, डब्लिनशी मीटिंग. आमचे बाबा, सोनबा, शेतावरून आले, मागल्या पडवीत खांबाला टेकून बसले आणि तिथंच आडवे झाले. साडेपाचला आई आली तेव्हा अंग गार होत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाच्या आत आणलं असतं तर काही सांगता आलं असतं. माजघरातली अपेक्षाची खुर्ची आणि ती पडवी यांच्यामध्ये एक दार. ते उघडंच होतं.

"माझ्या कानाला हेडफोन होते," एवढंच ती म्हणाली. सगळ्या गावानं ते मान्य केलं. दिवसकार्याला आलेल्या बायका तिला जवळ घेऊन म्हणायच्या, बाय, तुझा काय दोष त्याच्यात. मी गप्प बसलो. मान्य केलं नाही आणि बोललोही नाही. जे बोललो नाही ते रोज दुसऱ्याच कशावरून तरी बोलत राहिलो. मीठ कमी का, लाइट चालू का, एवढं कसलं मोठं काम तुझं.

तर मेल. पहिला आला, आठवड्यानं दुसरा आला. दुसऱ्याबरोबर फोटोही होता. तिचा लॅपटॉप दर दहा मिनिटांनी तिचा फोटो काढतो, ती खुर्चीत आहे की नाही ते बघायला. खुर्ची सोडून पाच मिनिटं गेली की गैरहजर लागते. म्हटलं, आमच्या कंपनीत निदान बाथरूमला तरी सोडतात.

अपेक्षा फोटो उघडेना. मग मीच उघडला. पुढं अपेक्षाचं तोंड, त्याला हिरवी चौकट. मागं उजवीकडं पडवीचं दार, छप्पर खाली उतरलेलं म्हणून त्यात भरदुपारीही अंधार. डावीकडं देव्हारा, आणि देव्हाऱ्यात एका ठिकाणी लाल चौकट.

मी फोटो मोठा केला. चौकटीत बाबा होते.

बाबांचा टाक. वर्षश्राद्ध झाल्यावर आईनं महाडच्या सोनाराकडून चांदीचा करून घेतलेला, आजोबा-पणजोबांच्या टाकांशेजारी उभा केलेला. खरं सांगायचं तर त्यात बाबांसारखं काही नाही. सोनाराकडं साचा एकच. फेटा, मिशा, वटारलेले डोळे. आमच्या सगळ्या पूर्वजांची तोंडं सारखीच. फरक एवढाच की आजोबा-पणजोबा रोज घासून घासून झिजलेत, नाक नाही, डोळे नाहीत, नुसती चांदीची पानं झालीत. बाबा नवे. त्यामुळं मशिनीला तेवढे एकटेच दिसले.

मला हसू फुटलं. अपेक्षाला नाही. ती मागं वळून देव्हाऱ्याकडं बघत राहिली.

"टाक हलव," मी आईला म्हटलं. "नाहीतर देव्हारा तिकडच्या भिंतीला घे."

"नाय." आई वाल सोलत होती, तिनं मान वर केली नाही. "एकदा बसवला तो बसवला. बसता-उठता हलवायला ते काय पाटावरचं भांडं हाय?"

"अगं, मशिनीला ते माणूस वाटतात."

"मंग बरोबर वाटतंय तिला."

आणि त्या दिवसापासून आईनं नवंच सुरू केलं. रोज चारच्या ठोक्याला कपभर चहा करायचा आणि मागल्या पडवीत, बाबा टेकून बसले होते त्या खांबापाशी ठेवायचा. बाबांची ती वेळच होती. चार वाजले की शेतावरून येऊन पडवीत बसायचे आणि हाक मारायचे, अपे, चहा. चहा थंड व्हायचा, वर साय धरायची, सहाला आई तो तुळशीत ओतायची. मी म्हटलं, आता हे काय? ती म्हणाली, तुला काय करायचं हाय, दूध माझं, साखर माझी.

टाक हलवायचा नाही, पण झाकायला हरकत नाही, एवढ्यावर शेवटी आई आली. देव दुपारचे झोपतात म्हणाली. जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा शिवला, खिळे मी ठोकले. अडीचला अपेक्षाचं काम सुरू झालं की पडदा ओढायचा, दिवेलागणीला थोडा सरकवून दिवा लावायचा. दोन आठवडे एकही मेल नाही. अपेक्षा जेवायला लागली, एकदा मला म्हणाली, दादा, तुला मासळी करू का? मीही कर म्हटलं.

मग तिसरा मेल आला. पुढच्या आठवड्यात चौथा.

पडदा तर बंद होता. मी लुगडं ओढून बघितलं, चांगलं घट्ट, आतलं काही दिसत नव्हतं. अपेक्षानं त्या दोन मेलचे फोटो एकटीनं बघितले आणि मला दाखवले नाहीत. चौकशी अठ्ठावीस तारखेला लागली. डब्लिनची एक बाई व्हिडिओवर खोली बघणार, मग पत्राचं काय ते ठरणार. संध्याकाळी बघतो तर अपेक्षा काम संपायच्या आधीच हेडफोन काढून बसलेली, पाठ भिंतीला लावून, डोळे पडवीच्या दारावर.

"काय आहे त्या फोटोत?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर दाखव की."

"अठ्ठावीसनंतर दाखवते."

इथं मला एक सांगायला हवं. मघाशीच सांगायला हवं होतं, पण लाज वाटली.

बाबा गेल्यापासून, माझी नाईट शिफ्ट असली की दुपारी मी घरात असायचो. झोपलोय असं दोघींना वाटायचं. चार वाजता मी उठायचो, मागच्या अंगणातून पडवीत यायचो आणि दाराच्या बाहेर, अंधारात उभा राहायचो. समोर अपेक्षाची पाठ, कानावर ते काळे हेडफोन. आणि मी हाक मारायचो. "अपे." मोठ्यानं नाही. छातीत कळ आलेल्या माणसाला जेवढा आवाज काढता येईल तेवढ्या आवाजात. तीनदा. मग थांबायचो.

माझा आवाज बाबांवर गेलाय. फोनवर मामासुद्धा फसायचा.

ती कधीच वळली नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. पहिल्या-पहिल्यांदा मला राग यायचा. मग हळूहळू त्या रागाची हवा निघत गेली. म्हटलं, खरंच ऐकू येत नाही हिला. दहा पावलांवरून येत नाही. म्हणजे पोरगी खरं बोलत होती आणि मी उगाच तिला दोन वर्षं भाजत आलो. तरी मी नाईटच्या आठवड्यात उभा राहायचोच. खात्री करायला म्हणा, नाहीतर खोड म्हणा. आई चहाचा कप ठेवायला लागल्यापासून ती ठेवून गेली की तो चुकवून उभा राहायचो. आणि पडदा लागल्यावर, देव्हारा झाकलेला, बाबांचे डोळे माझ्यावर नाहीत, या हिशोबानं मी उंबरा ओलांडून एक पाऊल आत आलो होतो.

तेव्हा त्या फोटोत काय असेल ते मला कळलं होतं. कळलं होतं आणि मी गप्प बसलो होतो. खोलीत खरंच दुसरा माणूस होता, हे सिद्ध झालं की तिचं पत्र गेलं. दुसऱ्याच्या औषधांच्या गुप्त फायली उघड्या, आणि मागं हा गडी उभा.

अठ्ठावीसला ती बाई आली स्क्रीनवर. पिकलेले केस, चष्मा, बोलायला मऊ. अपेक्षानं पडदा सरकवला. लॅपटॉप देव्हाऱ्याजवळ नेला तशी स्क्रीनवर बाबांभोवती लाल चौकट उमटली आणि खाली ती ओळ. बाईनं काहीतरी विचारलं.

"माय फादर," अपेक्षा म्हणाली.

पुढचं इंग्रजी मला तुटक कळलं. हे गेलेल्या माणसाचं असतं, आमच्यात देवांत ठेवतात, असं ती सांगत होती. बाई सॉरी म्हणाली. मग तिनं नंतरच्या दोन फोटोंचं विचारलं, पडदा असतानाच्या. अपेक्षा सरळ तोंडानं म्हणाली, वाऱ्यानं पडदा हलतो, दाराच्या काचेत त्यांचीच सावली पडते. आमच्या दाराला काच नाही. बाईनं मान डोलावली. चौथ्या दिवशी पत्र आलं, त्याच रात्री तिनं व्हिसाचा अर्ज भरला.

रविवारी दुपारी आई शेतावर गेल्यावर अपेक्षा मागल्या पडवीत येऊन माझ्याशेजारी बसली. हातात फोन.

"हा कोण?" तिनं विचारलं.

उघड्या दारातल्या अंधारात मी, घरच्यालाच ओळखू येईल इतका पुसट. बनियन, लुंगी, तोंड अर्धं उघडं. तोंडाभोवती लाल चौकट.

"मी."

"तिथं काय करत होतास?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्या फोटोतल्या तोंडासारखंच ते उघडं राहिलं. "हाक मारत होतो," मी म्हटलं. "तुला ऐकू येते का बघत होतो."

"दोन वर्षं?"

"नाईटला असलो की."

ती मान हलवत राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर ओरडेल. मीच घाईघाईनं बोलायला लागलो. म्हटलं, चुकलं माझं, फार चुकलं. पण त्यातून मला एक कळलं अपे, तुला खरंच ऐकू येत नव्हतं. तू त्या दिवशी खरं सांगत होतीस. मीच डोक्यात राख घालून घेतली.

"येत होती," ती म्हणाली.

"काय?"

"हाक. तुझी रोज ऐकू यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मला वाटलं बाबाच. अंगावरचा केस न् केस उभा राहिला, वळायची हिंमत झाली नाही. मग लक्षात आलं, तुझ्या नाईटच्याच आठवड्यात येते." ती खांबाकडं बघत होती. "हेडफोन कितीही चांगले असू देत दादा, घरातली हाक ऐकू येते."

मला ते समजायला वेळ लागला. आमच्यासमोर आईनं ठेवलेला सकाळचा पाण्याचा तांब्या होता, त्यात मुंगी पडली होती. मी ती मुंगी बघत होतो.

"बाबांची?" मी विचारलं.

"तीनदा मारली. अपे. मग जरा थांबून, अपे. मग हळू." ती अगदी सपाट आवाजात सांगत होती, हे तिनं आतल्या आत हजार वेळा म्हटलेलं असणार. "चार वाजले होते. मला वाटलं चहाला बोलावतायत. त्या आठवड्यात दोन गैरहजेऱ्या लागल्या होत्या, तिसरी लागली की काम जातं. म्हटलं, एवढी मीटिंग संपू दे, मग करते. मग हाक थांबली. म्हटलं, घेतला वाटतं त्यांनीच करून."

मी उठलो. चपला शोधल्या, मोटारसायकल काढली, रविवारची सुट्टी असताना बिरवाडीपर्यंत गेलो, कंपनीच्या गेटवर उभा राहिलो, वॉचमननं विचारलं काय राजेशदादा, आज कसे? काही नाही म्हटलं आणि परत फिरलो.

त्या डब्लिनच्या बाईचा पत्ता मेलवर होता. पुढचे चार दिवस माझ्या डोक्यात तेवढं एकच. एक ओळ लिहायची. फोटोतला माणूस मी आहे, तिनं तुम्हाला खोटं सांगितलं. व्हिसा यायचा होता अजून, एका ओळीत सगळं बंद झालं असतं. बसली असती मग जन्मभर त्याच खुर्चीत, त्याच दाराकडं पाठ करून. आणि माझ्या मनात ते यायचं तेव्हा मला बरं वाटायचं, हे कशाला लपवू. फोनवर ओळ लिहूनही ठेवली होती. मोडक्या इंग्रजीत, पण लिहिली होती.

पाचव्या दिवशी चार वाजता आई पडवीत चहाचा कप ठेवत होती. मी तिच्यावर खेकसलो.

"मेलेल्या माणसाला कशाला रोज चहा? पितात का ते?"

आईनं कप खांबापाशी नीट सरळ ठेवला. पदरानं हात पुसले.

"त्यांच्यासाठी नाय ठेवत रे," ती म्हणाली. "पोरीसाठी ठेवते. चार वाजले की तिची मान ताठ होते, मी बघतेय दोन वर्सं. तिच्या कानात कायतरी बसलंय. म्हटलं, चहा मिळाला तर ते हाक मारायचे नायत." मग आत जाता जाता वळली. "जाऊ दे तिला. हितं तिच्या कानाला आराम नाय."

"आई, तुला माहीत आहे?"

"मला काय माहीत असायचं? मी अडाणी बाय." आणि ती आत गेली.

मी फोन काढून ती ओळ पुसली. तिला माफ केलं म्हणून नाही, तसं मी सांगणार नाही. आईनं दोन वर्षं जे पदराखाली झाकून ठेवलं ते मी उघड्यावर कसं टाकणार, म्हणून पुसली.

व्हिसा आला. डिसेंबरात अपेक्षा गेली. जायच्या आधी यादीचा कागद भिंतीवरून काढला, चिकटपट्टीबरोबर चार ठिकाणी रंग निघाला, तो अजून तसाच आहे. महाडच्या स्टँडवर मी बॅग चढवून दिली. बस सुटायच्या आधी तिनं खिडकीतून विचारलं, "दादा, दुसरा फोटो बघायचाय तुला?"

चौथ्या मेलचा. मी तो विसरलोच होतो. तिनं फोन पुढं केला. पडदा बंद, दार उघडं. दारात लाल चौकट, उभ्या माणसाच्या डोक्याच्या बरीच खाली, कुणी खांबाला टेकून बसलं तर डोकं जिथं येईल तिथं. चौकटीत कुणी नव्हतं. नुसता अंधार. खाली तारीख, आणि वेळ चारची. त्या दिवशी मी फर्स्टला होतो, चार वाजता महाडातच होतो.

"हा तू नव्हतास," ती म्हणाली.

"नाही."

बस सुटली.

आता ती चियांग माईला असते. डोंगर आहेत म्हणते, भातखाचरं आहेत, माणसं हळू बोलतात. एका बाईच्या घरी वरची खोली घेतलीय. रविवारी दुपारी ती व्हिडिओ लावते. तिची खुर्ची इथंच आहे, जुने काळे हेडफोनही ठेवून गेलीय, आईला ऐकायला बरं पडेल म्हणून. आई ते घालत नाही. मी घालतो.

परवाच्या रविवारी मी तसाच बसलो होतो, खुर्चीत, दाराकडं पाठ. अपेक्षा फोन फिरवून खिडकीबाहेरचं दाखवत होती. बाजार भरला होता, पालेभाज्यांचे ढीग, त्यातलं एक आपल्या शेवग्यासारखं. मी म्हटलं, थांब, जवळ ने, बघू दे शेवगाच आहे का.

मागून आईनं हाक मारली. "राजेश."

ऐकू आली. अगदी स्वच्छ. मी म्हटलं, जातो, एवढं बघतो आणि जातो.

"राजेश."

"अगं, शेवगाच आहे तो," मी अपेक्षाला म्हणत होतो. स्क्रीनवर बाजार हलायचा थांबला. फोन वळला आणि तिचं तोंड दिसलं, पांढरं फटक.

"दादा, आई हाक मारतेय."

"हो, जातो. दाखव तू."

"दादा, ऊठ. आधी ऊठ."

तेव्हा मी उठलो. हेडफोनची वायर पायात आली, खुर्ची आडवी झाली, उंबऱ्याला ठेच लागली. आई पडवीत वालाच्या शेंगांच्या टोपल्यापाशी वाकून उभी होती. टोपलं जड होतं, आत घ्यायला हात हवा होता. एवढंच. मी ते उचलून ठेवलं. आई म्हणाली, असा धापा काय टाकतोस रे? खांबापाशी चहाचा कप होता. मी तो ओलांडून परत माजघरात आलो.

खुर्ची उभी केली, हेडफोन लावले. अपेक्षा दोन्ही हातांनी तोंड धरून बसली होती.

"काय झालं तिला?" तिनं बोटांच्या मागून विचारलं.

"काय नाय गो. टोपलं उचलायचं होतं."

ती मान हलवत राहिली. तिच्या मागं खिडकीत तिकडचं ऊन होतं, तिच्या मागं कुणी नव्हतं.

"अपे," मी म्हटलं, "मला पहिलीच हाक ऐकू आली होती."

तिनं तोंडावरचे हात काढले.

"ऐकू आली होती, तरी मी उठलो नाय."

ती तिकडं रडत होती, आवाज न करता. मी फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही.